चण लहान नाही, ताट लहान आहे

जुलै २०२२ मध्ये बंगळुरूत एका सरकारी मसुद्यावरून मोठा गदारोळ झाला. नव्या शैक्षणिक धोरणासाठी कर्नाटक सरकारने विषयवार समित्या नेमल्या होत्या. त्यातल्या आरोग्यविषयक समितीचा तो मसुदा होता. त्याचा आशय असा: भारतीयांची चण लहान असते, म्हणून नियमित अंडी आणि मांस खाल्ल्याने मिळणारी जादा ऊर्जा त्यांना मानवत नाही आणि त्यातून जीवनशैलीचे आजार होतात. शाळेतलं जेवण ठरवताना भारतीय वंशाची नैसर्गिक आवड विचारात घ्या, असाही सल्ला त्यात होता.

त्याआधी काही महिने, डिसेंबर २०२१ पासून, बिदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर अशा मागास जिल्ह्यांत सरकारी शाळांतल्या मुलांना अंडी द्यायला सुरुवात झाली होती. काही मठाधिपती विरोधात उभे राहिले. मठाची भाषा धर्माची होती, मसुद्याची भाषा विज्ञानाची. मागणी मात्र एकच होती: गरिबाच्या पोराच्या ताटातलं अंडं उचला. सुदैवाने तेव्हा अंडी बंद झाली नाहीत. पण हा प्रश्न जुना झाला असं समजू नका. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने शालेय पोषण आहारातल्या अंड्यांचा निधी बंद केला. हवी असतील तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना सांगण्यात आलं.

मी मराठवाड्यातली. समाजशास्त्रात एम.ए. करून आता बंगळुरूत पीएच.डी. करते आहे. हाडांचं शास्त्र हा माझा विषय नाही. पण शरीरावरून जात ओळखण्याचा छंद असलेली माणसं या शहरात ढिगाने भेटतात. ‘तू दिसत नाहीस त्यातली’ हे वाक्य मला कौतुक म्हणून ऐकवलं गेलंय, तेही चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांकडून. त्या वाक्यात आणि ‘लहान चण’वाल्या मसुद्यात फारसा फरक नाही. दोन्हीकडे गृहीत एकच आहे: जात शरीरात असते, हाडात असते आणि ती निसर्गाने घातलेली असते. आपण घरातले पहिले पदवीधर. आपल्याला हे गृहीत खोडता आलं पाहिजे, आणि ते नीट खोडायचं तर आधी शास्त्र काय म्हणतं ते माहीत हवं.

शास्त्र असं म्हणतं की माणसाचा सांगाडा सगळीकडे एकसारखा नसतो. हवामानाचा त्याच्यावर परिणाम होतो. कार्ल बर्गमान यांनी १८४७ मध्ये आणि जोएल अ‍ॅलन यांनी १८७७ मध्ये प्राण्यांबद्दल दोन नियम मांडले. थंड प्रदेशात शरीर मोठं आणि भरीव, हातपाय तुलनेने आखूड. उष्ण प्रदेशात शरीर सडपातळ, हातपाय लांब. कारण सोपं आहे. थंडीत उष्णता राखायची असते, उन्हात बाहेर टाकायची असते. माणसांच्या मापांतही ढोबळमानाने हा कल दिसतो. नाकाचंही तसंच. थंड, कोरडी हवा फुप्फुसात जाण्याआधी नाक ती गरम आणि ओलसर करतं, आणि हे काम अरुंद नाकात जास्त चांगलं होतं. बाई आणि पुरुष यांच्या हाडांतही फरक असतो. पुरुषांची हाडं सरासरीने मोठी आणि जड, बाईच्या कंबरेचा सांगाडा रुंद. सापडलेली हाडं कोणाची, हे ठरवताना न्यायवैद्यक तज्ज्ञ शक्य असेल तर आधी कंबरेचं हाड बघतात.

इथपर्यंत कुणाचं भांडण नाही. भांडण पुढच्या पायरीवर आहे. ‘उष्ण देश, म्हणून लहान चण, म्हणून कमी खाणं पुरे’ ही ती पायरी. ती तीन ठिकाणी मोडते.

पहिलं ठिकाण आपल्याच देशाचा नकाशा. पाच वर्षांखालच्या, वयाच्या मानाने उंची खुंटलेल्या मुलांचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नोंदवलं जातं. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण उष्ण, दमट केरळात २३.४ टक्के होतं, आणि थंड डोंगराळ मेघालयात ४६.५ टक्के. लहान चण हवामानाने ठरत असती तर हे आकडे उलटे यायला हवे होते. केरळात ऊन कमी नाही. तिथे मुलीचं शिक्षण, दवाखाना आणि रेशन यांचा इतिहास वेगळा आहे.

दुसरं ठिकाण आपलं गाव. याच सर्वेक्षणात उंची खुंटलेल्या मुलांचं प्रमाण अनुसूचित जातींत सुमारे ३९ टक्के आणि अनुसूचित जमातींत सुमारे ४१ टक्के आहे. ज्यांना सर्वेक्षण ‘इतर’ म्हणतं, म्हणजे मुख्यतः सवर्ण, त्यांच्यात ते ३० च्या आसपास आहे. वाडा आणि वस्ती यांच्यावर एकच ऊन पडतं, एकच पाऊस पडतो. गावकुसाच्या आत एक हवामान आणि बाहेर दुसरं, असं कुठे असतं का? फरक उन्हाचा नाही. ऊन कुणाच्या छपरावर पडतं, पाणी कुणाच्या दारात येतं आणि दूध कुणाच्या घरी उरतं, याचा फरक आहे.

तिसरं ठिकाण खुद्द हाडांचं शास्त्र. बाळांची वाढ कशी व्हावी याची मापं जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली मुलं मोजली. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतल्या सुस्थितीतल्या घरांतली होती. पोटभर अन्न, स्वच्छ पाणी आणि आईचं दूध मिळालं की या सगळ्या देशांतली लहान मुलं जवळपास सारखीच वाढतात, असं दिसलं. ओस्लोचं बाळ आणि दिल्लीचं बाळ यांत निसर्गाने मोठा भेद ठेवलेला नाही. मोठ्यांच्या बाबतीत १९९८ मध्ये कॅट्झमार्झिक आणि लेनर्ड या संशोधकांनी हवामान आणि शरीर यांचा संबंध पुन्हा तपासला. १९५० च्या दशकातल्या मापांत तो जितका घट्ट दिसत होता, तितका आता उरला नव्हता. मधल्या काळात उष्ण देशांतलं खाणं आणि आरोग्य सुधारलं होतं. म्हणजे जे हवामानाचं काम वाटत होतं, त्यातलं बरंचसं भुकेचं होतं.

हवामान हाडापर्यंत सरळ येतच नाही, मधे माणसांनी केलेली व्यवस्था असते. बंगळुरूपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर तुमकुरू जिल्ह्यात पावगड आहे. आज तो तालुका सोलर पार्कसाठी ओळखला जातो. पण तिथल्या लोकांना आणखी एक ओळख माहीत आहे: पाण्यातलं फ्लोराइड. पाऊस कमी, म्हणून बोअर खोल आणि पाण्यात फ्लोराइड जास्त. असं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं की दात पिवळे पडतात, सांधे आखडतात, पाठ वाकते. आपल्याकडे यवतमाळ आणि चंद्रपूरच्या कित्येक गावांत हेच आहे. १९७३ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या फ्लोराइडग्रस्त भागात गुडघे आत वळलेले तरुण पाहिले आणि त्याचा संबंध पाण्याबरोबर तिथल्या गरिबांच्या निकृष्ट आहाराशीही जोडला. ज्याच्याकडे फिल्टर आणि दूध आहे त्याची पाठ ताठ राहते. शंभर वर्षांनी कुणी ही हाडं उकरली, तर ‘या भागात वाकड्या पायांची एक जमात राहत होती’ असं लिहून मोकळा होईल का? वंशशास्त्र नेमकं हेच करत आलं आहे.

आता बाईच्या हाडाकडे बघा. ‘बायका लहानखुऱ्याच असतात’ हेही निसर्गाच्या नावावर खपवलं जातं. कॅथलीन वॉन या ब्रिटिश डॉक्टरने काश्मीरमध्ये बाळंतपणं केली आणि १९२८ मध्ये पडदापद्धत आणि मातृत्व यांवर पुस्तक लिहिलं. मुडदूस आणि हाडं मऊ पडण्याच्या आजाराने कंबरेचा सांगाडा आवळून गेलेल्या बायका तिने पाहिल्या. बाळंतपणात त्यांचे प्राण जात. या बायका मुख्यतः पडद्यात कोंडलेल्या घरांतल्या होत्या. उघड्यावर कष्ट करणाऱ्या गरीब बायकांत हा त्रास कमी होता. हवामान तेच, लिंग तेच. रीत वेगळी होती, म्हणून हाड वेगळं झालं.

आपल्या बायकांना ऊन भरपूर मिळालं. त्यांच्या वाट्याला दुसरी रीत आली: सगळ्यात शेवटी जेवायचं आणि सगळ्यात आधी उठायचं. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रौढांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००५-०६ ते २०१५-१६ या दहा वर्षांत १५ ते २५ वयाच्या आदिवासी बायकांची आणि सर्वांत गरीब गटातल्या बायकांची सरासरी उंची घटली होती. देश महासत्ता होण्याच्या गप्पा मारत होता, तेव्हा आपल्या मुली आपल्या मोठ्या बहिणींपेक्षा बुटक्या होत होत्या. दहा वर्षांत वंश बदलत नाही, हवामानही इतकं बदलत नाही. ताट बदलतं.

आणि बीड? दुष्काळ पडतो, म्हणून कोयता घेऊन ऊसतोडीला जावं लागतं. तिथे पाळी आली तरी सुट्टी नाही, खाडा झाला तर दंड. शेवटी गर्भाशयच काढून टाकलं जातं. राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या २०१९ च्या पाहणीत ८२,३०९ महिला ऊसतोड कामगारांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली की ज्या संप्रेरकामुळे बाईची हाडं टिकून राहतात ते अचानक कमी होतं आणि ऐन तरुणपणी हाडं ठिसूळ होऊ लागतात. हवामान आणि लिंग यांचा हाडावर काय परिणाम होतो, हे विचारायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. ऊसतोडीच्या कोपीत जाऊन चाळिशीच्या बाईला विचारा, तिला उठताना कुठे दुखतं. मधे मुकादम, उचल आणि जात आहे, हे ती सांगेल. शास्त्राच्या तक्त्यात त्यांना रकाना नसतो.

मग जात हाडात आहे हे खूळ आलं कुठून? १८९१ मध्ये हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने बंगालच्या जातीजमातींची मापं छापली. नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले शंभर, हा त्याचा नासिका निर्देशांक. नाक जितकं रुंद तितकी जात खाली, असा सिद्धान्त त्याने मांडला. अरुंद नाक आर्याचं, रुंद नाक द्राविडाचं. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हाच होता आणि त्या जनगणनेत जाती सामाजिक उच्चनीचतेच्या क्रमाने लावल्या गेल्या. मोजलेली माणसं बहुतेक पुरुष. बायका त्या शास्त्राच्या हिशोबातच फारशा नव्हत्या. पुढे १९२३ मध्ये थॉमसन आणि बक्स्टन यांनी जगभरची मापं तपासून दाखवलं की नाकाची रुंदी तापमान आणि हवेतल्या ओलाव्याबरोबर बदलते. २०१७ च्या एका जनुकीय अभ्यासातही नाकपुड्यांच्या रुंदीबद्दल हाच संबंध दिसला. पंजाबच्या कोरड्या हवेतून दक्षिणेच्या दमट हवेकडे येताना नाक रुंद होत जाताना दिसतं, तर आधी हवेकडे बघायला हवं होतं. रिस्लेने त्यात आर्यांची स्वारी वाचली.

हे वेड म्हैसूर संस्थानातही पोचलं. म्हैसूरच्या जातीजमातींवरच्या ग्रंथमालेचा १९३५ चा खंड उघडा. त्यात म्हैसूरच्या वांशिक इतिहासावर एगॉन फॉन आइकश्टेट या जर्मन वंशशास्त्रज्ञाचा लेख आहे. आपल्या इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांच्या असमानतेवर पीएच.डी. केली. हे फिशर पुढे नाझी वंशवादाचे आधारस्तंभ झाले. कवटीच्या आकारात गोरे वरचढ दिसावेत, अशी गुरूची अपेक्षा होती. कर्वेंच्या मापांनी तिला आधार दिला नाही. हे त्यांचं धैर्य मान्य करायलाच हवं. पण त्याच बाईंनी पुढे महाराष्ट्रात जातवार डोकी मोजणं सोडलं नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. बर्लिनमध्ये जे मोडलं, ते पुण्यात का चालू राहिलं? आपल्या विद्यापीठांनी हा प्रश्न अजून नीट विचारलेला नाही.

आणखी एक गोष्ट. १९८५ मध्ये बंदी येईपर्यंत जगभरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांना मानवी सांगाडे पुरवणारा मोठा देश भारत होता. कोलकाता त्याचं केंद्र. प्रेतं स्वच्छ करून हाडं वेगळी करण्याचं काम डोम समाजाच्या माथी होतं, आणि प्रेतं होती गरिबांची. लंडन-न्यूयॉर्कच्या विद्यार्थ्यांनी ‘मानवी सांगाडा’ म्हणून जो अभ्यासला, तो कित्येकदा या माणसांचा होता. त्या हाडावरून एकाही प्राध्यापकाला जात सांगता आली नाही. पण कुणाचं हाड विकलं जाईल आणि ते कोण घासेल, हे मात्र जातीनेच ठरवलं होतं.

हा सगळा डाव बाबासाहेबांनी फार आधी ओळखला होता. १९१६ च्या निबंधात त्यांनी जातीचं मूळ वंशात नव्हे, तर जातीतल्या जातीतच लग्न करण्याच्या सक्तीत दाखवलं. १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये त्यांनी विचारलं की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार यांच्यात वांशिक फरक तो काय? जातीने वंश शुद्ध आणि सुदृढ राहतो म्हणणाऱ्यांना त्यांनी तिथेच सुनावलं की असं असतं तर इथली बहुसंख्य माणसं खुजी, दमसास नसलेली आणि सैन्यभरतीला नालायक का निघाली असती? म्हणजे ‘लहान चण’ बाबासाहेबांनीही पाहिली होती. त्यांनी तिच्याकडे जातिव्यवस्थेविरुद्धचा पुरावा म्हणून बघितलं. २०२२ च्या मसुद्याने तिलाच अंडं नाकारायचं कारण केलं. १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात त्यांनी घुर्यांच्या पुस्तकातले नाकाचे आकडेच समोर ठेवले आणि दाखवलं की त्या मापांनुसार ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. रिस्लेची पट्टी घेऊन त्यांनी रिस्लेचाच सिद्धान्त मोडला.

म्हणून आता आपल्याच माणसांशी बोलते. आपल्या काही मंचांवरून गेली वीस वर्षं २००१ च्या एका डीएनए अभ्यासाचा दाखला दिला जातो: ब्राह्मण परदेशी, आपण मूलनिवासी, विज्ञानाने सिद्ध झालं. तो अभ्यास आंध्रातल्या मोजक्या जातींमधल्या २६५ पुरुषांचा होता. त्यावर देशाचा इतिहास उभा राहत नाही. २०१३ मध्ये हैदराबाद आणि हार्वर्डच्या संशोधकांनी खूप जास्त समूह तपासले. भारतातले जवळपास सगळे समूह सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत मिसळले आणि मग ही सरमिसळ थांबली, असं त्यांना दिसलं. आधी मिसळले, मग कुंपण घातलं. बाबासाहेबांच्या १९१६ च्या निबंधाला जनुकांनी दिलेला हा दुजोरा आहे. बाहेरून लोक आले होते, हे खरंच आहे. पण जात त्यांच्या रक्तातून नाही आली, लग्नाच्या दारावर लावलेल्या कुलपातून आली.

मंचावरच्या दादांना हे कडू लागेल. ‘शत्रूला परका ठरवल्याशिवाय समाज जागा होत नाही’, असं मला सांगितलं जातं. पण जात वंश असेल तर ती निसर्ग झाली, आणि निसर्गाचं विध्वंसन करता येत नाही. मग आपल्या हाती उरतं फक्त नाक कोणाचं चांगलं याचं भांडण. रिस्लेने आखलेल्या मैदानात जिंकूनही आपण हरलेलेच असू. शिवाय या नादात आपण आपला खरा पुरावा टाकून देतो. आपल्या आज्यांच्या वाकलेल्या पाठी, भरतीच्या मैदानात एका सेंटिमीटरने बाद झालेली आपली पोरं, अंगणवाडीच्या तक्त्यावर लाल रेघेखाली असलेली बाळं, हा आपला पुरावा आहे. आपण वेगळे घडवले गेलो म्हणून हे झालेलं नाही. आपल्याला वेगळं वाढवलं गेलं, म्हणून झालं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘तू दिसत नाहीस’ म्हणालं, तर चेहरा वळवू नका. विचारा, कसं दिसायला हवं होतं? उपाशी? आणि कुणी हवामानाचं, वंशाचं, भारतीय चणीचं शास्त्र सांगू लागलं, तर त्याला एकाच गावातल्या दोन वस्त्यांचे आकडे मागा. आपल्यापैकी जे डॉक्टर, शिक्षक, अंगणवाडी पर्यवेक्षक किंवा संशोधक होत आहेत, त्यांनी ते आकडे जातवार आणि बाईपुरुषवार गोळा करावेत, छापावेत. यादगीरच्या मुलांना अंडी सुरू झाल्यावर त्यांचं वजन अंडी न मिळालेल्या गदगच्या मुलांपेक्षा जास्त वाढलं, हे कर्नाटकातल्याच एका विद्यापीठाच्या पाहणीत दिसलं. त्या मुलांच्या वंशात काही महिन्यांत काहीच बदललं नव्हतं.

महाराष्ट्रातल्या शाळांत अंडं परत आलं पाहिजे, आणि ते वर्गणीच्या भीकेतून नव्हे, सरकारी निधीतून, हक्क म्हणून. ऊसतोडीच्या बाईला पाळीची सुट्टी हवी, खाड्याचा दंड बंद हवा. फ्लोराइडच्या गावाला शुद्ध पाणी हवं. हाडांचा प्रश्न हा इतका साधा आणि इतका राजकीय आहे. मोजमाप करायचंच असेल तर आता नाकं आणि कवट्या पुरे झाल्या, ताटं मोजू.

जय भीम!